गेटवर कोण आलंय?

१० मार्च

नोकरी गेली. गेली म्हणजे, ती माझी नव्हतीच. बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या बाई बाळाला घेऊन परत आल्या. सगळी शाळा त्या बाळाभोवती गोळा झाली, आणि मी कोपऱ्यात माझा कप पुसून पिशवीत टाकला. आमच्या खोसा मुलखातल्या ह्या कोमानी गावात पदवी घेतलेल्या शिक्षिका इतक्या झाल्यात की सगळ्या एकमेकींच्या रजेवर डोळा ठेवून बसल्यात.

तर मी चीनला जाणार. हे मी घरी येताना टॅक्सीत, दोन जाड बायकांच्या मध्ये चेंगरून बसले असताना ठरवलं. माझी मैत्रीण बाबाल्वा तिकडे गेलीच आहे. तिचा निरोप आला: "शिकवणीवाल्यांच्या नादी लागू नकोस, ते कधी कुलूप लावून पळतील सांगता येत नाही. सरकारी शाळा धर. पगार थोडा कमी, पण सुट्ट्या भरपूर, खोली शाळेच्या आवारातच, आणि सरकार कुठे पळून जात नाही."

आत्या पीठ मळत होती. म्हटलं, "आत्या, मी चीनला जाते."

"मीठ बघ गं जरा, कमी पडलंय का."

मी पुन्हा सांगितलं. तिनं हात थांबवला नाही. "तिथून कोण आलं होतं तुला मागायला?"

"मागायला कोणी येत नसतं. आपणच अर्ज करायचा असतो."

"म्हणजे पोरीनं आपण होऊन जाऊन दुसऱ्याच्या दारात बसायचं. छान."

आई-बाबा गेल्यापासून आत्यानंच मला वाढवलं, त्यामुळे तिला असं बोलायचा हक्क आहे. मला मात्र आतून गुदगुल्या होतायत. चीन! मी नकाशात बघितलं, फारच लांब आहे.

१४ मार्च

अर्जासाठी फोटो हवा, मागे पांढरं. आत्याला चादर धरायला लावली. पंधरा फोटो काढले आणि पंधराही फोटोंत डाव्या बाजूला आत्याचा अंगठा आहे. शेवटी तसाच पाठवला. आत्या म्हणाली, "असू दे. पोरीच्या मागे कोणीतरी आहे एवढं तरी दिसेल त्यांना."

२१ मार्च

सरकारी शाळांना शिकवण्याची चित्रफीत लागते, पाच मिनिटांची. सुट्टी पडली आहे, मुलं आणायची कुठून? आत्याला स्टुलावर बसवलं आणि सांगितलं की तू सहा वर्षांची आहेस. तिनं लगेच पाय हलवायला सुरुवात केली. मी कोबी उंच धरला आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "हे काय आहे?"

"माझा कोबी आहे. खाली ठेव, रात्रीच्या जेवणाचा आहे."

"आत्या, सहा वर्षांची."

"मी सहा वर्षांची होते तेव्हाही अन्नाशी खेळलेलं चालत नव्हतं."

सगळं चित्रण वाया. दुसऱ्यांदा करायला तिनं नकार दिला, वर्गातून बाहेर जायची परवानगी मागितली आणि गेली ती शेजारी जाऊन बसली. मग मी तेच पहिलं चित्रण पाठवून दिलं. बारा शाळांना. गेले उडत.

३ एप्रिल

उत्तर आलं!!! लिनशी नावाच्या शहरातली तिसरी सरकारी प्राथमिक शाळा. परदेशी शिक्षकांचं काम बघणाऱ्या छ्यूबाईंनी लिहिलंय. एका वर्गात पन्नास मुलं. मुख्याध्यापिका फांगबाईंना चित्रफीत आवडली, त्यांनी ती शिक्षकांच्या बैठकीत दोनदा लावली म्हणे. "विद्यार्थिनी फारच हजरजबाबी आहे," असं छ्यूबाईंनी लिहिलंय. मंगळवारी सकाळी आठला मुलाखत, पडद्यावर.

शेवटी एक ओळ होती: मुख्याध्यापिकांना आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांनाही नमस्कार करायला आवडेल.

ही ओळ मी आत्याला वाचून दाखवायला नको होती. ती उठली, हात धुतले, पुसले आणि म्हणाली, "आता कसे माणसासारखे बोलले." आणि सरळ वेलिलेकाकांकडे गेली. काका म्हणजे आमच्या गल्लीतल्या प्रत्येक मुलीच्या लग्नाची बोलणी करणारा माणूस. मला धडकी भरली आहे.

८ एप्रिल

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे म्हातारपणी वाचून हसता येईल. आज काही हसू येत नाहीये.

पावणेआठला आत्या बाहेर आली. खांद्यावर सणाचं ब्लँकेट, डोक्याला नवा रुमाल. काका कोट घालून, काठी घेऊन. लॅपटॉप टेबलावर मांडला होता. मी बसायला गेले तर आत्या म्हणाली, "तू आत. ज्या मुलीविषयी बोलायचं ती समोर बसते होय कधी?"

"आत्या, ही मुलाखत आहे. माझी."

"आत जा, वुयी. चहा ठेव."

मी स्वयंपाकघराच्या दाराआड. काकांनी लॅपटॉप फिरवून त्याचं तोंड भिंतीकडे केलं. आमच्याकडे मुलीला मागणी घालायला आलेल्यांना आधी गेटबाहेर ताटकळत ठेवायची रीत आहे, तसं. ठीक आठ वाजता आवाज आला, "हॅलो? नमस्कार?"

काका गप्प. आत्या गप्प. मी दाराच्या फटीतून हातवारे करत होते, त्यांनी बघितलंही नाही. पलीकडे कुजबूज. पुन्हा हॅलो. बराच वेळ गेला. मग काकांनी काठी जमिनीवर आपटली.

"गेटवर कोण आलंय?"

छ्यूबाईंचा बिचारा बारीक आवाज: "आम्ही... लिनशीची शाळा. आज आठला ठरलं होतं."

"कोणाची माणसं तुम्ही? कशासाठी आलात?"

"आम्हाला शिक्षिका हवी आहे."

"ह्या घरात शिक्षिका पुष्कळ. गल्लीत तर विचारूच नका. कुठली?"

मी कपाळ भिंतीवर टेकवलं. पलीकडे चिनी भाषेत भराभर बोलणं झालं. छ्यूबाई घाबरून काहीतरी सांगत होत्या, आणि मग एक जाड, संथ आवाज आला. नंतर खुर्च्या सरकल्याचे आवाज. काकांनी लॅपटॉप हळूच इकडे वळवला तर काय, चारही माणसं उभी. दोन मास्तर, छ्यूबाई आणि मध्ये पांढऱ्या केसांच्या फांगबाई. फांगबाईंनी चष्मा काढला आणि बोलायला लागल्या, छ्यूबाई भाषांतर करत होत्या.

"मी फांग. माझे वडील डोंगरातल्या गावचे, तेही मास्तर होते. मागच्या वर्षी आमच्याकडे एक परदेशी मास्तर आला होता. अर्ध्या सत्रात न सांगता निघून गेला. मुलं दोन आठवडे त्याच्या टेबलावर फळं ठेवत होती. मी तेव्हा ठरवलं, पुढच्या वेळी माणूस घ्यायच्या आधी त्याच्या घरच्यांना भेटायचं. म्हणून आलो आहोत."

आत्यानं डोक्याचा रुमाल सारखा केला. मग म्हणाली, "बसा."

पुढे तासभर जे चाललं त्यात शिकवण्याविषयी एक शब्द नव्हता. फांगबाईंनी दोन्ही हातांनी चहाचा पेला वर उचलून दाखवला, आत्यानं आपला उचलला. पाऊस कसा आहे. मका कसा आहे. गुडघे कसे आहेत. काका म्हणाले, आमची मुलगी साधी आहे, काही येत नाही तिला. फांगबाई म्हणाल्या, आमचीही शाळा लहान आहे, काही नाही त्यात. दोन्हीकडची माणसं आपापल्या मालाला नावं ठेवण्यात अगदी रंगून गेली. मी आणि छ्यूबाई सोडून सगळे मजेत होते.

शेवटी आत्याचा आवाज ऐकू आला, "जरा सरळ धरा. आणखी जवळ. हां, आलं." काय आलं कोण जाणे. आणि तेवढ्यात वीज गेली. तिच्याबरोबर इंटरनेट, तिच्याबरोबर चीन.

मी रडले. आत्या ब्लँकेटची घडी घालत म्हणाली, "पहिल्या बैठकीत ठरत नसतं काही. ठरलं तर लोक काय म्हणतील?"

९ एप्रिल

छ्यूबाईंचा निरोप: "वरिष्ठ मंडळी विषयाचा अभ्यास करत आहेत."

बाबाल्वाला पाठवला. तिचं उत्तर: "गेलं. ह्याचा अर्थ नाही म्हणून समज." झालं. आज आत्याशी बोलले नाही. तिच्या लक्षातही आलं नाही, ती फोनशी काहीतरी खटपट करत बसली होती.

६ मे

आत्याचं काहीतरी चाललंय.

दार लावून घेते आणि आतून हसण्याचा आवाज येतो. मध्ये रेडिओवरच्या निवेदिकेसारखी एक बाई एकसुरी आवाजात काहीतरी बोलते. मी आत गेले की फोन पदराआड, म्हणजे ब्लँकेटआड. नवा चष्मा केलाय. काल सकाळी साडेअकराला चुलीकडे बघत आपल्याशीच म्हणाली, "आता तिकडे जेवायला बसले असतील." साडेअकराला कोण जेवतं? रात्रपाळी करणारा. रेल्वेचा पहारेकरी असणार, मला पक्की खात्री आहे.

मामा गेल्यावर, म्हणजे आत्याचा नवरा गेल्यावर, इतक्या वर्षांत तिला असं खुदकन हसताना मी ऐकलं नव्हतं. माझं आयुष्य मातीत गेलं आणि तिचं उमलतंय. मला तिचा राग येतो आणि आनंदही होतो, दोन्ही एकदम.

१९ मे

मोठ्या शहरातल्या एका शिकवणीवाल्यांनी मला घ्यायचं ठरवलंय! सरकारी नाही, पण चीन तर आहे. पाच मिनिटांत मुलाखत, कोणी आत्याची चौकशी केली नाही. शुक्रवारपर्यंत सही करून पाठवायची. मी स्वयंपाकघरात नाचले.

आत्या म्हणाली, "सही करू नकोस."

"का?"

"एकीकडे बोलणी चालू असताना दुसरीकडे हो म्हणायचं नसतं."

"कुठे चालू आहेत बोलणी? एप्रिलपासून त्यांचा शब्द नाही. ते नाही म्हणाले, आत्या. तू त्यांना गेटवर उभं केलंस, म्हणून नाही म्हणाले."

ती ताक ढवळायला लागली. मग मी बोलू नये ते बोलले. म्हटलं, "मी गेलेलं तुला नकोच आहे. मी इथेच राहावं, दुसऱ्यांच्या बाळंतपणांची वाट बघत, म्हणजे तुला सोबत."

आत्यानं ताकाचं भांडं खाली ठेवलं. "रविवारपर्यंत थांब," एवढंच म्हणाली. "माझ्यासाठी थांब."

२३ मे

आज शुक्रवार. सही केली नाही. का केली नाही ते मलाच कळत नाही. तिनं ते भांडं ज्या पद्धतीनं खाली ठेवलं ते डोळ्यांसमोरून जात नाही, म्हणून. शिकवणीवाल्यांनी संध्याकाळी कळवलं की जागा भरली. मी मूर्ख आहे.

२५ मे

मी मूर्ख नाही! मी जगातली सगळ्यात नशीबवान बाई आहे! चर्चमधून आलो आणि फोन बघितला. लिनशीची तिसरी सरकारी शाळा! करार आलाय, शिक्का मारलेला, लाल, गोल, बशीएवढा. एक सप्टेंबरपासून, पहिली आणि दुसरीचे वर्ग.

आत्याला मिठी मारून गरगर फिरवली. ती म्हणाली, "सोड, गुडघा." आणि चहा ठेवायला गेली. आश्चर्य वाटल्याचं काही तिच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. तिला सध्या पहारेकऱ्याशिवाय काही सुचत नाही.

करार वाचून मी थक्क झाले. किती बारकाईनं विचार करतात हे लोक. शिक्षिकेची खोली पहिल्या मजल्यावर, मुख्याध्यापिकांच्या शेजारी. शिक्षिकेला जड रजई द्यावी, हलकी नव्हे, कारण तिला झोपेत पांघरूण फेकायची सवय असते. जेवणावळीत तिला दारूचा आग्रह करणाऱ्यांशेजारी बसवू नये. दर रविवारी घरी फोन, तोही जेवल्यानंतर, आधी नव्हे. सोबत छ्यूबाईंचा प्रश्न, पायाचं माप काय. मी बाबाल्वाला विचारलं, तिच्या करारात असलं एक अक्षर नाही. सरकारी शाळेचा हा फायदा. तिला मी तसं कळवलंसुद्धा.

११ जुलै

महिनाभर नुसते शिक्के. पोलिसांचा दाखला, त्यावर शिक्का, पदवीवर शिक्का, त्या शिक्क्यावर आणखी एक शिक्का. दवाखान्यात छातीचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, हृदय जरा जोरात धावतंय. म्हटलं, त्याला चीनची बातमी कळलीय.

आज धीर करून आत्याला विचारलंच. "आत्या, तुझ्या आयुष्यात कोणीतरी आहे. हो ना?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली आणि इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. "आहे," म्हणाली डोळे पुसत. "फार चांगलं माणूस आहे. एकटंच राहतं. घोरतं म्हणे. कोबी छान करतं, आंबट-तिखट."

"मला भेटवशील?"

"भेटशील की. घाई काय आहे."

मला फार बरं वाटलं. रोज अंथरुणावर पडलं की एकच विचार डोकं खात होता, मी गेल्यावर ती जेवेल का, कोणाशी बोलेल. आता कोणीतरी आहे. जरा घोरणारा आहे, पण चालेल.

२३ ऑगस्ट

आज पूर्वजांना सांगणं झालं. आत्यानं बिअर केली होती, गल्ली लोटली. गुरांच्या रिकाम्या गोठ्यापाशी उभं राहून काकांनी सगळी कुळाची नावं घेतली, भेले, खुबोनी, दुंजाने, आणि सांगितलं की तुमची मुलगी समुद्रापलीकडे चालली आहे, तिला वाटेत ओळखा. मला हसू येत होतं, आणि मग एकदम आलं नाही.

पहारेकरी आला नव्हता. मी गर्दीत सगळीकडे शोधलं. एका टकलू गृहस्थांशी उगाचच फार आदरानं बोलले, ते बिअरची पिंपं परत न्यायला आले होते.

आत्या रडली नाही. दिवसभर सगळ्यांना वाढत होती. शेवटी तिचं सणाचं ब्लँकेट माझ्या पिशवीत कोंबलं. म्हटलं, ते रजई देणार आहेत. म्हणाली, "रजई त्यांची. हे आपलं."

२८ ऑगस्ट, लिनशी

पोचले. दमलेय, पण आजच लिहायला हवं.

स्टेशनवर छ्यूबाई आल्या होत्या. माझ्याच वयाची मुलगी आहे ती. मला बघताच हसायला लागली आणि तोंडावर हात ठेवला. म्हटलं काय झालं, तर म्हणाली, "मला सांगायला बंदी आहे."

शाळेपाशी गाडी थांबली. मोठं लोखंडी गेट, बंद. पलीकडे पांढऱ्या केसांच्या फांगबाई, शेजारी तेच दोन मास्तर आणि चौकीदार. मी हसून हात हलवला. कोणीही हलवला नाही. बॅग घेऊन मी उन्हात उभी. छ्यूबाई मला एकटीला सोडून बाजूला जाऊन उभी राहिली. बराच वेळ गेला. मला वाटलं, माझ्या कागदांत काहीतरी चुकलंय, आता परत पाठवणार.

मग फांगबाईंनी हातातली छत्री जमिनीवर आपटली. आणि आमच्या खोसा भाषेत, एकेक शब्द जड दगड उचलावा तसा उचलत, त्या म्हणाल्या:

"गेटवर कोण आलंय?"

मी बॅग खाली ठेवली. फांगबाईंनी दुसऱ्या हातातला फोन गेटच्या गजांतून माझ्यासमोर धरला. त्यात आत्या. अंगावर साधी शाल, कारण ब्लँकेट माझ्याजवळ. मागे वेलिलेकाका.

"उत्तर दे," आत्या म्हणाली. "माणसं उन्हात उभी आहेत."

मी उत्तर दिलं. मी वुयिसेका, भेले, खुबोनी, दुंजाने, कोमानीच्या नोझुको आत्यानं वाढवलेली. मुलांना शिकवायला आले आहे. आवाज मध्येच फाटला, तरी पूर्ण सांगितलं. फांगबाईंनी मान डोलावली, चौकीदारानं गेट उघडलं, आणि त्या दोन मास्तरांनी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की झाडावरची पाखरं उडाली.

खोली पहिल्या मजल्यावर. पलंगावर रजई, मला एकटीला उचलेना इतकी जड. खाली माझ्या मापाच्या कापसाच्या चपला. टेबलावर मका आणि घेवडा, आमच्या घरी करतात तसा. मका थोडा कच्चा राहिला होता. शेजारी कोबी होता, आंबट-तिखट.

मी कोबीचा घास घेतला आणि चावता चावता थांबले. फांगबाईंकडे बघितलं. फोनकडे बघितलं.

"आत्या," मी म्हटलं, "रेल्वेचा पहारेकरी..."

"कुठला पहारेकरी?" आत्या म्हणाली. "त्या दिवशी वीज जायच्या आधी ह्यांनी आपला नंबर पडद्यावर धरला, तो मी फोनमध्ये घेतला. तेव्हापासून रोज दोन-दोन तास बोलायचे ह्या बाईशी. मी बोलायचं, फोनमधली ती निवेदिका चिनीत सांगायची, मग ह्या बोलायच्या. घासाघीस काय सोपी असते? पहिल्या मजल्यासाठीच महिना गेला. त्या तिसरा देत होत्या." मग तिचा सूर बदलला. "बरं, आता तू आत जा. फोन त्यांच्याकडे दे. मोठ्या माणसांना बोलायचं आहे."

"आत्या, मी आत्ताच पोचले."

"आत जा, वुयी. चहा ठेव."

गेले. इथलंही स्वयंपाकघर बाहेरच्या खोलीला लागूनच आहे, आणि दाराला फट आहे. किटली भरली, पण लावली नाही. कान देऊन उभी राहिले. मग आत्या रडत असल्याचं कळलं. आवारातून, बसच्या दारातून, इतक्या सगळ्या निरोपांतून जे रडू तिनं दाबून ठेवलं होतं ते सगळं आता, मी दिसत नाही असं वाटल्यावर, फोनमधून येत होतं. फांगबाई निवेदिकेला मध्ये न घेता, येत होते तेवढ्याच खोसा शब्दांत, पुन्हा पुन्हा तिला सांगत होत्या, "आली. आत आली. जेवते आहे."